घरून परवानगी नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मी तसं काही लपवत नाही. सांगायला सवड मिळाली नाही म्हणावं, तर शिरूरच्या कॉलेजातून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली, सवडच सवड आहे. सांगितलं नाही, कारण ऐकल्यावर समोरचं माणूस माझ्याकडे कसं बघेल ते मला ठाऊक होतं. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये. दोनदा लिहिलं आणि फाडलं.

मी इंग्रजी शिकवायचो. त्यातही नाटक. चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी शोकांत नाटकं हा माझा जीव की प्राण विषय. संशय, विष, कट्यारी, आणि शेवटच्या अंकात रंगमंचभर पडलेली प्रेतं. घोडनदीच्या काठच्या गावांतून एसटीनं येणाऱ्या पोरापोरींना ते शिकवताना मी रंगून जायचो. त्यांना सांगायचो, की त्या काळी लंडनमध्ये बायकांना रंगमंचावर उभं राहू देत नसत, राणीचं काम मिसरूड न फुटलेली मुलं करायची. काळ्या माणसाचं काम गोरा नट तोंडाला काळं फासून करायचा. आणि सगळं घडायचं इटलीत नाहीतर स्पेनमध्ये. लिहिणाऱ्यानं तो देश डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नसायचा. वर्ग हसायचा. मीही हसायचो — बघा, कसे लोक होते, अशा थाटात.

यास्मिन त्या वर्गात होती. बीएचं शेवटचं वर्ष. तिचे वडील अमीनभाई, मार्केट यार्डाच्या रस्त्याला त्यांचं मोटर भरायचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळाली की आसपासच्या गावांतले शेतकरी ती टेंपोत घालून त्यांच्याकडे आणायचे. आमच्या मळ्यातली मोटरही दोनदा त्यांनीच भरून दिलेली. शांत माणूस. तांब्याच्या तारेचे वेढे घालता घालता बोलायचा, वर बघायचा नाही, पण तुमचं सगळं ऐकलेलं असायचं. पोरगीही तशीच. मागच्या बाकावर बसायची, काळीसावळी — नाही, आता तरी नीट म्हणतो — काळी. चांगली काळी. हा शब्द मी तेव्हा कधी तोंडातून काढला नाही, आणि माझ्या डोक्यात तो सतत होता.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी मी एक जुनं इंग्रजी नाटक मराठीत केलं. तासाभरात बसेल असं कापून. फारसं कुणी न वाचलेलं नाटक आहे, नाव सांगून उपयोग नाही. गोष्ट अशी — इटलीतल्या एका बंदरावरच्या श्रीमंत घरातली तरुण विधवा. तिच्या दिराला तिची जहाजं हवी आहेत. तो तिच्यावर बदफैलीचा आळ घेतो, तिला विष देववतो, आणि ते विष दासीनं दिलं असं ठरवून दासीलाही मारतो. दासी आफ्रिकेतून आणलेली, काळी. अख्ख्या नाटकात विधवेला मोती म्हणतात, संगमरवर म्हणतात, दूध म्हणतात. दासीला कावळा म्हणतात, काळोख म्हणतात, आणि येता-जाता खोटारडी म्हणतात.

वाचन सुरू असताना एके दिवशी यास्मिन उठून उभी राहिली. ती आपणहून कधी बोलायची नाही, म्हणून मला नवल वाटलं. म्हणाली, "सर, सगळे तिला खोटारडी म्हणतात. पण मी पहिल्या पानापासून बघितलं. ती एकदापण खोटं बोलत न्हाई."

मी घरी जाऊन मूळ नाटक काढलं आणि दासीचं वाक्य न् वाक्य तपासलं. पोरगी बरोबर होती. इतकी वर्षं वाचूनही मला ते दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक विचारलं, की सर, हे इटलीतच का ठेवायचं, दौंडात का नाही घडणार? लिहिणाऱ्यानं इटली पाहिली नव्हती म्हणता, मग त्यानं आपल्याच गल्लीतलं लिहिलं असणार आणि नाव लांबच्या गावाचं दिलं असणार. लांबच्या लोकांना वाईट म्हणायला सोपं पडतं. हे दोन्ही मुद्दे मी पुढं दरवर्षी वर्गात सांगत आलो. तिचं नाव न घेता. पण तो या गोष्टीतला लहान गुन्हा आहे. मोठा पुढं आहे.

कामं वाटण्यासाठी मी सगळ्या मुलींकडून शेवटचा प्रवेश वाचून घेतला. विधवेला कळलंय की समोरचा माणूस विष घेऊन आलाय, आणि ती त्याला बसायला सांगते — लांबून आलात, दमला असाल. बाकीच्या मुलींनी ते वाक्य रडून म्हटलं, एकीनं ओरडून. यास्मिननं ते, घरी पाहुणा आल्यावर म्हणतात ना, तसं म्हटलं. हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मस्टर घेऊन सहीसाठी आलेले शिपाईमामा दारातच थांबले. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, विधवेचं काम यास्मिनचं.

पुण्याला जायचं म्हणून पालकांची परवानगी लागायची. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या आल्या. अमीनभाई स्वतः आले — दुकानातून तसेच, बोटांना व्हार्निश लागलेलं. माझ्यासमोर सही केली आणि म्हणाले, पोरगी रोज घरी आरशासमोर बोलत असती, तिची आई पण आता अर्धं नाटक पाठ म्हणती. नाटकाच्या दिवशी दुकान बंद ठेवून मीही येणार बघायला, असं म्हणाले. ती चिठ्ठी माझ्या विभागातल्या कपाटात होती. हे लक्षात ठेवा. मी ते विसरलो होतो असं मी कधीच म्हणू शकत नाही.

आठ दिवस तालीम छान चालली. नवव्या दिवशी काही प्राध्यापक बघायला आले. दिराच्या तोंडी एक वाक्य होतं — विधवेचा हात धरून तो म्हणतो, हा संगमरवरी हात कुणाकुणानं धरलाय? मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी खुसकन हसलं. मग आणखी दोघं. आणि माझ्या शेजारी बसलेले सहकारी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सर, संगमरवर जरा भाजलाय."

मी हसलो.

तुम्हाला काय वाटतं, मला राग यायला हवा होता? मलाही तसंच वाटतं. पण मला लाज वाटली — आणि लाज हसणाऱ्यांची नाही, तिची वाटली. ती तिथं उभी होती, हात तसाच पुढं धरलेला, तिनं ते हसू ऐकलेलं होतं, तरी पुढचं वाक्य तिनं बरोबर म्हटलं. आणि मी मनात म्हणत होतो, परीक्षक हसतील. पुण्यातला हॉल हसेल. माझं नाटक पडेल.

खरं तर या बाबतीत माझ्याइतकं कुणाला कळायला हवं होतं? मी स्वतः काळा आहे. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आलेली तीन स्थळं रंगावरून परत गेली होती. तिसऱ्या वेळी ती पोह्यांच्या बश्या धूत बसली होती आणि आम्ही कुणी तिच्याजवळ जाऊन बसलो नाही. हे मी स्वतःच्या बाजूनं सांगत नाही. मला माहीत होतं, एवढंच सांगतोय. न कळून केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी यास्मिनला विभागात बोलावलं. म्हणालो, दासीचं काम अवघड आहे, ते तुला जेवढं कळलंय तेवढं कुणालाच नाही, तर ते तू कर, विधवेचं काम केतकीला देऊ. केतकी दुसऱ्या वर्षाची मुलगी, गोरी, पाठांतर चांगलं. वाईट मुलगी नव्हती, तिचा यात काही दोष नाही. यास्मिन माझ्याकडे बघत होती. कारण काय, असं तिनं विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे. तिनं विचारलंच नाही. "बरं सर," म्हणाली, आणि माझ्या टेबलावर वहीतून लिहून घेतलेले आपले संवाद ठेवून गेली. त्यानंतर ती तालमीला आली नाही.

आता ते वाक्य. मुलांनी विचारलं, यास्मिन का येत नाही? साधा प्रश्न होता. मी बदल केला, तिला वाईट वाटलं, असं सांगता आलं असतं. काहीच न सांगता गप्पही बसता आलं असतं, मास्तरला कोण उलट विचारतं? पण माझ्या तोंडून आलं — तिच्या घरून परवानगी नाही.

आणि पुढचा प्रश्न कुणीच विचारला नाही.

हे मला आजही नीट सांगता येत नाही. केतकीबद्दल मी तेच म्हणालो असतो, तर चार मुली तिच्या घरी गेल्या असत्या, आईला समजावलं असतं, मलाही ओढून नेलं असतं. यास्मिनच्या बाबतीत सगळ्यांनी मान हलवली. एक-दोघं "साहजिकच आहे" म्हणाले. मुसलमान घर, मुलगी, नाटक — जणू हे वाक्य सगळ्यांच्या मनात आधीपासून तयारच होतं, मी फक्त ते उच्चारलं. मला ठाऊक होतं की ते खपेल. म्हणूनच मी ते निवडलं. मी ते विचार करून निवडलं का? नाही. पण तोंडात दुसरं कुठलंच खोटं आलं नाही, हेच आलं — याचा अर्थ काय होतो?

दासीचं काम शेवटी एका गोऱ्यापान मुलीनं केलं. तोंडाला आणि हाताला काळा रंग फासून. तो रंग मी स्वतः पुण्यातून आणला. वर्गात ज्यांना हसायचो त्यांच्यापेक्षा मी काय वेगळं केलं? आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. फोटो निघाला. तो बरीच वर्षं इंग्रजी विभागात लावलेला होता, काळा रंग फासलेली मुलगी कडेला उभी, घामानं तिच्या मानेवरचा रंग ओघळलेला.

स्पर्धेनंतर आठवड्यानं अमीनभाई कॉलेजात आले. आमच्याच भागातला कुणी शेतकरी दुकानात त्यांना म्हणाला होता, की एवढी हुशार पोरगी, तिला नाटकाला का अडवलं. यास्मिननं घरी नाटक सोडलं एवढंच सांगितलेलं. ते विभागाच्या दारात उभे राहिले, चप्पल बाहेर काढून. मी बसा म्हणालो तरी बसले नाहीत. आवाजात राग नव्हता. स्वतःच काही विसरलोय का, हे विचारायला आल्यासारखे बोलले.

"सर, मी कवा न्हाई म्हणलो?"

कपाट माझ्या पाठीमागं होतं. त्यांची सही केलेली चिठ्ठी त्याच्यात होती. मी म्हणू शकलो असतो, अमीनभाई, चुकलं, मी खोटं बोललो. ते रागावले असते, किंवा रागावले नसते, आणि गोष्ट तिथंच संपली असती. विभागात आणखी दोन प्राध्यापक पेपर तपासत बसले होते. ते ऐकत होते. मी म्हणालो, "तुमचं नाव मी कशाला घेईन? यास्मिनच म्हणाली तसं."

अमीनभाई म्हणाले, "असं म्हणली व्हय ती." त्यांनी मान खाली घातली. पुढं म्हणाले, "तिला जायाचं नसंल तर नसंल. आमचं नाव कशाला पुढं करायचं?" — हे मला नाही, स्वतःलाच. जाताना माझे आभार मानले. वेळ दिल्याबद्दल.

मी आयुष्यभर हेच शिकवत होतो. एक माणूस दुसऱ्याच्या कानात एका बाईबद्दल एक वाक्य घालतो, आणि ते वाक्य खरं की खोटं हे बाईला कुणी विचारत नाही. प्रत्येक नाटकात हा माणूस असतो. परीक्षेत त्याच्या स्वभावचित्रणावर मी प्रश्न काढायचो. आणि मी तो आहे हे मला त्या संध्याकाळी एसटीत बसल्यावर कळलं — कळलं, आणि मी गप्प राहिलो.

नंतरही संधी आल्या. इनामगावला जुन्या वस्तीची जागा दाखवायला सहल निघाली तेव्हा यादी करणारे सर म्हणाले, यास्मिन शेखचं नाव नको, तिच्या घरून सोडत नाहीत. मी त्याच टेबलाशी चहा घेत होतो. कप खाली ठेवायला काय लागलं असतं? ती कॉलेजात इंग्रजीत पहिली आली. निकालानंतर एकदा बसस्टँडवर अमीनभाई भेटले. मी त्यांच्या दुकानाकडे जायचं टाळत होतो, मळ्यातली मोटर मुद्दाम दुसरीकडे भरायला टाकली होती, हे त्यांना कळलंच असणार. तरी ते आदरानं थांबले. म्हणाले, पुण्याला एमएला पाठवावं का? म्हणती तर आहे. पण ती घरी एक बोलती आन् बाहेर दुसरंच बोलती, मला तिचा अंदाज येईना. तुम्ही तिचे सर, तुम्ही सांगा.

ही शंका त्यांच्या मनात कुणी घातली होती? मी म्हणालो, तिचं तिलाच विचारा. आणि पाटसची गाडी लागली होती, तिच्यात बसलो. मला पाटसला जायचं नव्हतं.

त्याच वर्षी तिचं लग्न झालं, दौंडला. नवरा रेल्वेत.

यानंतर वीस-बावीस वर्षं गेली. मी चांगला शिक्षक म्हणून नाव मिळवलं, सत्कार झाले, शाली मिळाल्या. गेल्या हिवाळ्यात दौंडच्या एका शाळेनं बक्षीस समारंभाला पाहुणा म्हणून बोलावलं. पाहुण्यांची ओळख करून द्यायला एक शिक्षिका माइकवर आल्या, आणि आवाज ऐकून मला कळलं. केस पांढरे व्हायला लागलेले, चष्मा. लग्नानंतर बाहेरून एमए केलं, बीएड केलं, ती तिथं इंग्रजी शिकवते. माझी ओळख तिनं नेमकी करून दिली. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

समारंभ झाल्यावर स्टाफरूममध्ये चहा होता. बाकीचे बोलत बोलत बाहेर गेले, आम्ही दोघंच उरलो. मी अमीनभाईंची चौकशी केली. म्हणाली, अब्बा गेले सर, चार वर्षं झाली. मग कप बशीत ठेवून, अगदी सहज, तिनं मला ते सांगितलं. त्या दिवशी कॉलेजातून घरी आल्यावर वडिलांनी तिला एकदाच विचारलं होतं, की माझं नाव कशाला पुढं केलंस. ती म्हणाली, मी केलं नाही.

"अब्बा म्हणले, सर कशाला खोटं बोलतील?" यास्मिन म्हणाली. "मग मी पुन्हा तो विषय काढला न्हाई. त्यांनी पण काढला न्हाई. शेवटपर्यंत चांगलंच वागले माझ्याशी. फक्त मी काही सांगितलं, की एकदा अम्मीला विचारून घ्यायचे, खरं आहे का म्हणून."

ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. वाट बघत होती असंही मी म्हणणार नाही — तसं म्हटलं तर मला बरं वाटेल, म्हणून म्हणणार नाही. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. पेपर तपासणारे प्राध्यापक नव्हते, हसणारं कुणी नव्हतं, गमवायला माझ्याकडे नोकरीसुद्धा उरली नव्हती. आणि मी म्हणालो, "फार सज्जन माणूस होते."

"हो," ती म्हणाली. घंटा झाली. आठवीवर तास आहे म्हणाली, आणि वही घेऊन गेली.

मी बाहेर येऊन रिक्षा केली. स्टेशनापर्यंत चालकाशी उसाच्या गाड्यांबद्दल बोलत होतो.

तेव्हा जे दोन शब्द मला तिच्यासमोर बोलता आले नाहीत, ते इथं लिहितो. अमीनभाईंनी कधीच नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्यासमोर सही केली होती. आणि यास्मिन मला काहीही म्हणाली नव्हती, "बरं सर" सोडून. खोटं मी बोललो. दोन्ही वेळा.